बुधवारी ठेवलेलं प्रस्थान

श्री. लीलाधर फिरके यांस,
मुक्काम पेनांग.

घडलं ते क्रमाने देते.

१. बुधवार, १९ जानेवारी १९९४, सकाळी ९.४० : पिंप्राळ्यात, शेजारच्या घरी, माझं प्रस्थान ठेवलं गेलं.
२. शनिवार, २२ जानेवारी, दुपारी १.१५ : प्रस्थानाच्या गाठोड्याची गाठ सोडून मी माझा टेस्टर काढून घेतला.
३. त्याच संध्याकाळी रजनी अभिमन बेडसे तुमच्याबरोबर कलकत्त्याच्या गाडीत बसल्या.
४. मी त्या गाडीत बसले नाही.
५. रजनी अभिमन बेडसे हे माझं नाव आहे.

सोबत रोजनिशीची पानं जोडते आहे. मागाहून एकही शब्द बदललेला नाही.

३ जानेवारी १९९४, सोमवार. जळगाव

धुळ्याहून सकाळच्या एसटीने निघाले, साडेअकराला जळगाव. पिंप्राळ्यातलं घर रिक्षावाल्याने दोनदा विचारून शोधलं. गच्चीवर एकच खोली, पूर्वेला खिडकी, पाणी सहा ते सात. प्लगला अर्थिंग नव्हतं. सामान उघडायच्या आधी ते दुरुस्त केलं.

घरमालकीण कुंदाबाई साठीच्या आहेत. फैजपूरकडे दिरांबरोबर केळीची बाग आहे, पण त्या इथेच राहतात. हातात दोन केळी ठेवून त्यांनी माझं वय, गाव आणि पगार एका दमात विचारून घेतला. वय आणि गाव सांगितलं. पगार सांगितला नाही. त्यावर त्या हसून म्हणाल्या, "शिकेल पोरगी दिसते."

इथे वीसच दिवस आहेत. २२ तारखेला संध्याकाळच्या गाडीने कलकत्ता, तिथून विमानाने बँकॉक, मग आगगाडीने पेनांग, क्वालालंपूर, शेवटी मनिला. चार महिने. केळी पिकवायच्या थंड खोल्या तिकडे कशा चालवतात ते शिकून यायचं. आमची कंपनी धुळ्यात त्याच खोल्यांचे विजेचे पॅनल बनवते आणि इथल्या प्लँटमध्ये त्या चालवून बघते. दोघांची निवड झाली : प्लँटचे फिरके साहेब आणि मी.

नकाशा भिंतीवर लावला. मी आजवर नाशिकच्या पुढे गेलेली नाही. संध्याकाळी तीन वेळा बॅग भरली आणि तीन वेळा रिकामी केली. गच्चीवर येरझाऱ्या घातल्या. कुंदाबाईंनी खालून विचारलं की वर घोडा बांधला आहे का.

एक गोष्ट लिहून ठेवते, म्हणजे पुन्हा लिहायला नको. आबांची, म्हणजे वडिलांची, पिंपळनेरला पिठाची गिरणी आहे. मी मोटार उघडायला तिथेच शिकले. साक्रीचं एक स्थळ त्यांनी जवळजवळ पक्कं केलं होतं. ठरलं ते असं : मी जाऊन आले तर जळगावच्या प्लँटचं काम माझ्याकडे येणार, आणि मग स्थळाचं माझ्या मर्जीने. नाही गेले तर वैशाखात लग्न. आबा शब्दाचे पक्के आहेत. दोन्ही बाजूंनी.

८ जानेवारी, शनिवार

पूर्वेकडचं घर साबेराभाभींचं. त्यांचे यजमान हनीफभाई गाद्या भरतात, त्या स्वतः कपडे शिवतात. शिलाई मशीनला मोटार बसवली आहे आणि हात लावला की झिणझिण्या येतात, अशी त्यांची तक्रार. माझा टेस्टर घेऊन गेले. मशीनच्या लोखंडाला टेकवला तर दिवा लागला. मोटारीच्या वायरचं आवरण आत घासलं होतं. पंधरा मिनिटांचं काम.

भाभींना दिव्याचं फार नवल. तो कशावर जळतो, सेल कुठे आहे, असं विचारत होत्या. सांगितलं की सेल नसतोच. टोक विजेला लागतं, मागच्या टोपीवर आपलं बोट असतं, आणि अगदी थोडी वीज आपल्या अंगातून जमिनीत जाते. तेवढीच दिव्याला पुरते. आपण नसलो तर दिवा लागत नाही. त्या म्हणाल्या, "मतलब तुमच्यावर जळतो." म्हटलं, हो, तसंच म्हणा.

टेस्टर डिप्लोमाच्या पहिल्या वर्षी धुळ्यात घेतलेला आहे. लाल मूठ, एका बाजूने टवका उडालेली. दुसरा वापरायला हात धजत नाही.

चहा नको म्हटलं तरी झाला. भाभी मला 'इंजिनीयरबाई' म्हणतात. त्यात थोडी चेष्टा आहे. चालेल.

१६ जानेवारी, रविवार

कुंदाबाईंनी पंचांग काढलं. २२ तारीख शनिवार, आणि शनिवारी पूर्वेला दिशाशूळ. पूर्वेला निघायचं नाही. मी तिकीट दाखवलं. त्यांनी ते वाचलंही नाही. म्हणाल्या, तिकीट राहू दे, तू बुधवारीच निघ.

मग समजावून सांगितलं. वार चांगला नसेल तर आधी चांगल्या वेळेला प्रस्थान ठेवतात. आपण वापरलेलं एक वस्त्र, त्यात मूठभर तांदूळ, सुपारी, हळकुंड, सव्वा रुपया आणि रोज हातात असते अशी एखादी वस्तू, असं गाठोडं बांधून ज्या दिशेला जायचं त्या दिशेच्या घरी नेऊन ठेवायचं. ठेवलं की माणूस निघालं. शरीर मागाहून सवडीने गेलं तरी चालतं. जाताना गाठोडं तिथूनच उचलायचं.

साक्रीकडेही हे करतात, पण आमच्या घरी कधी झालेलं आठवत नाही. आबांची सगळ्यात लांबची जागा म्हणजे सुरत.

सोमवारी प्लँटवर फिरके साहेबांना हसत सांगणार आहे.

१७ जानेवारी, सोमवार

सांगितलं. साहेब पोट धरून हसले. मग दार लोटून म्हणाले, "माझं मेहुण्याकडे कालच ठेवलं. मी हसलो हे घरी सांगू नका."

१९ जानेवारी, बुधवार

९.४० ला ठेवलं. वस्त्र म्हणून निळी ओढणी. रोजच्या हातातली वस्तू म्हणून कुंदाबाईंनी बांगडी मागितली. मी बांगड्या घालत नाही. टेस्टर दिला. त्यांनी तो उलटसुलट बघितला आणि तांदळात खोवला. पूर्वेला पहिलं घर साबेराभाभींचंच. भाभींनी हात धुऊन, डोक्यावर पदर घेऊन गाठोडं घेतलं आणि कापडाच्या ठाणांवरच्या फळीवर ठेवलं. त्यांनाही यात काही वावगं वाटलं नाही. त्यांच्याकडे हजला जाणाऱ्यांचं सामान असंच दोन दिवस आधी बाहेर काढतात म्हणे.

कुंदाबाईंनी दोन गोष्टी बजावल्या. गाठोडं या घरात परत आणायचं नाही. आणि त्यातलं काही काढायचं नाही. का, ते विचारलं. म्हणाल्या, "निंघेल मानसाच्या हातातलं कोनी काढून घेतं का?"

परत येताना जिना चढायला लागले तर त्या नेहमीसारखं 'आली का' म्हणाल्या नाहीत. विसरल्या असतील.

झोप येत नाही. उठून नकाशावर गाठी मारलेल्या दोऱ्याने अंतर मोजलं. जळगाव ते मनिला, आमच्या मार्गाने धरलं तर दोरा तीन गाठींनी कमी पडतो.

२१ जानेवारी, शुक्रवार

पासपोर्ट आला नाही. व्हिसासाठी दोघांचे एकत्रच मुंबईला गेले होते. फिरके साहेबांचा आला, माझा नाही. प्रवासाची सगळी व्यवस्था स्टेशन रोडवरचे एजंट अन्वरभाई बघतात. ते म्हणाले, उद्या दुपारच्या कुरियरने नक्की. नाही आला तर साहेब पुढे जातील, मी आठवड्याने.

आबांना कळवलेलं नाही. आठवडा म्हटलं की ते वैशाख म्हणतील.

कुंदाबाईंना कळलं. 'ठेवलंय ना आता,' एवढंच म्हणाल्या.

२२ जानेवारी, शनिवार. संध्याकाळ

क्रमाने लिहिते.

बारा वाजता अन्वरभाईंकडे गेले. पासपोर्ट नाही. कुरियर चार वाजता.

पाऊणला प्लँटवरून निरोप : तीन नंबरच्या खोलीचं तापमान एकवीसवर गेलंय, आत फैजपूरचा साडेसहा टन माल, संध्याकाळपर्यंत उतरलं नाही तर सगळा एकदम पिकेल. प्लँटवरच्या भटूच्या टेस्टरचा दिवा जिवंत तारेलाही कधी लागतो, कधी लागत नाही. तसल्या टेस्टरवर मी पॅनलमध्ये हात घालत नाही. माझा टेस्टर शेजारच्या फळीवर होता.

१.१५ ला साबेराभाभींकडे गेले. त्या नमाज पढत होत्या. मी स्वतःच फळीवरून गाठोडं काढलं, टेस्टर घेतला, पुन्हा गाठ मारली, जिथे होतं तिथे ठेवलं. नमाजाच्या शेवटी सलाम फेरताना मान वळवली तेव्हा त्यांनी मला बघितलं असावं. टेस्टर माझा आहे.

खोली ३.५० ला पूर्ववत. अर्धा तास वाट बघून तापमान पुन्हा पाहिलं. फोन बिघडलेला होता, म्हणून अन्वरभाईंना विचारता आलं नाही. साडेचारला निघाले. रिक्षा फाटकावर अडकली. सव्वापाचला त्यांच्या दुकानाला कुलूप. स्टेशनवर पोचले तेव्हा गाडी सुटून बारा मिनिटं झाली होती.

म्हणजे साहेब गेले. मी आठवड्याने.

येताना साबेराभाभींकडे टेस्टर परत ठेवायला थांबले. फळी रिकामी. विचारलं तर त्यांनी शिवता शिवता मान वर केली. मग म्हणाल्या, "तुमीच तो लेके गई, इंजिनीयरबाई. अभी पाच बजे."

म्हटलं, पाचला मी रिक्षात होते.

त्यांनी दातांनी दोरा तोडला. मी बॅग घेऊन आले होते, रिक्षा उभी होती, गाठोडं हातात घेतलं आणि गाठ बघून विचारलं की ही कोणी सोडली. असं त्या सांगतात.

बॅग वर खोलीत नाही.

२३ जानेवारी, रविवार

चोरी. दुसरं काही सुचत नाही. माझ्यासारखी दिसणारी बाई, बॅगेसाठी. पोलिसांत जाण्याआधी अन्वरभाईंना घरी जाऊन गाठलं. पासपोर्ट आला का, विचारलं.

त्यांना वाटलं मी गाडीतून उतरून आले. वही दाखवली. शनिवार, ४.१०, पासपोर्ट मिळाला, र. अ. बेडसे. सही माझी आहे. 'बे'ची मात्रा मी मागून देते, ती शिरोरेघेला टेकत नाही. हिचीही टेकत नाही.

४.१० ला मी तीन नंबरच्या खोलीत तापमान मोजत होते. भटू बरोबर होता.

अन्वरभाई म्हणाले, तुम्ही जरा घाईत होतात. एकच गोष्ट विचारलीत : माझा टेस्टर इथे राहिलाय का.

पोलिसांत गेले नाही.

कुंदाबाईंना सांगावंच लागलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. रागावल्या नाहीत, ते बरं नव्हतं. सकाळी त्यांनी गच्चीवरची खोली झाडली नव्हती. त्यांच्याकडे घरातलं माणूस गावाला गेलं की दुसरा दिवस संपेपर्यंत त्याच्या खोलीला केरसुणी लावत नाहीत. मी खोलीत होते आणि त्यांनी झाडली नाही.

मी विचारलं, आता काय करायचं. हे मी विचारलं याचंच मला आश्चर्य वाटलं.

त्या म्हणाल्या, "निंघालं ते मानूस, पोरी. मांगं राह्यलं ते नुसतं राह्यलेलं असतं. टेस्टर तुह्या हातात आहे तवरिक तू आहे. तिले तो लागेल. ती मागेल."

मग त्यांनी मला जेवायला वाढलं. ताट ठेवायला मात्र विसरल्या. भाकरी सरळ फरशीवर ठेवली.

२४ जानेवारी, सोमवार

प्लँट. सगळ्यांनी विचारलं, का नाही गेलात. बरं वाटलं. पासपोर्टचा घोळ, एवढंच सांगितलं.

दुपारी चारला साहेबांची तार. दोघं कलकत्त्याला सुखरूप, उद्या विमान.

मॅनेजरनी तार वाचली, माझ्याकडे बघितलं, पुन्हा तार वाचली. म्हणाले, तारेत चूक असेल. सवयीने 'दोघं' लिहिलं असेल. मी त्यांच्यासमोरच साहेबांना तार केली, पुढे पाठवण्याच्या सूचनेसह बँकॉकच्या हॉटेलवर : मी जळगावात आहे. तुमच्याबरोबर कोण आहे. रजनी बेडसे.

हजेरीपटावर माझ्या ओळीत २२ पासून 'दौऱ्यावर' लिहिलेलं आहे. खोडून सही करायला गेले. कारकून नम्रपणे म्हणाला, ही ओळ भरलेली आहे.

२७ जानेवारी, गुरुवार

उत्तर आलं. मॅनेजरनी मला वाचून दाखवलं नाही, टेबलावर ठेवून बाहेर गेले. मी वाचलं.

'गंमत पोचली. बाईंना दाखवली. खूप हसल्या. फिरके.'

मी कुठे चुकते ते शोधते आहे. सगळी वेळापत्रकं पुन्हा लिहून काढली. कुठेही फट नाही. फट असती तर बरं झालं असतं.

प्लँटच्या फाटकावरचा पहारेकरी उखर्डू. रोज 'राम राम बाई' म्हणतो. आज विचारलं, कोणाकडे जायचंय.

२९ जानेवारी, शनिवार

टेस्टर तपासला. खोलीतला प्लग, उजवा होल, बोट टोपीवर. दिवा लागला.

अंधुक.

काच पुसली. चपला काढल्या. फरशीवर पाणी टाकून त्यात उभी राहिले. तितकाच अंधुक.

खाली जाऊन कुंदाबाईंना टोपीवर बोट ठेवायला लावलं. त्यांनी न बघताच ठेवलं. लख्ख लागला.

एक वाचन म्हणजे काहीच नाही. रोज घेणार.

१ फेब्रुवारी, मंगळवार

आज कालच्यापेक्षा कमी. दिवसा ओंजळीचा आडोसा केल्याशिवाय दिसत नाही.

पिंपळनेरला फोन लावला, आबांच्या गिरणीशेजारच्या दुकानात. वैशाख तर वैशाख, म्हणणार होते. घ्या मला घरी, म्हणणार होते. आबांना बोलावून आणलं.

"कोन बोली ऱ्हायनं?"

म्हटलं, आबा, मी. रजनी.

पलीकडे गिरणीचा पट्टा ऐकू येत होता. मग ते अगदी आदराने बोलले, परक्या बाईशी बोलतात तसं.

"रजनी ते गयी, बहीन. तिनं पत्र उनं शे."

मी काही म्हणाले. काय ते आठवत नाही. ते मागे कोणाला तरी सांगत होते की आवाज येत नाही, नुसती लाईन चालू आहे. ठेवला.

तिचं पत्र तिकडे पोचलं आहे, आणि आबांनी मला बहीण म्हटलं.

५ फेब्रुवारी, शनिवार

बँकॉकहून कार्ड. कुंदाबाईंच्या नावाने. अक्षर माझं. त्या चष्मा शोधत होत्या, मी आधी वाचलं.

तिथे फार उकडतं. आंबे हिरवे असताना मीठ-मिरची लावून विकतात. विमानात कानाला दडे बसले. गाडीने पेनांगला निघालो, खिडकीची जागा मिळाली. सगळं खूप आवडतं आहे. टेस्टर सापडत नाही. तेवढा बघाल का.

सगळं खूप आवडतं आहे —

मला ते आंबे बघायचे होते.

मी तिचा हेवा करते आहे हे लक्षात आलं आणि कार्ड पालथं ठेवलं. ते कोणाच्या हाताने, हा प्रश्न आहे.

७ फेब्रुवारी, सोमवार

प्लँटवर गेले. उखर्डूने विचारलं नाही. फाटक माझ्या तोंडावर लावून घेतलं, रागाने नव्हे. वारा आला म्हणून.

चालत परत. दहा किलोमीटर. दम लागला नाही. तहान नाही.

घरात थांबवत नाही. बाहेर थांबवत नाही.

८ फेब्रुवारी, मंगळवार

खोलीत दुसऱ्या कोणाची तरी ट्रंक. बालवाडीच्या शिक्षिका, लताबाई. नकाशा त्यांनी काढून गुंडाळून कोपऱ्यात ठेवला, नीट ठेवला. कुंदाबाई झाडत होत्या. माझ्या पायांपर्यंत आल्या. केरसुणी थांबली नाही —

मला काही जाणवलं नाही.

त्या दाराशी वळल्या. माझ्या जरा डावीकडे बघून हळूच म्हणाल्या, "पाठवून दे वं माय. दोघींचे हाल कायले."

अजून माहीत आहे त्यांना. बघू शकत नाहीत, पण माहीत आहे.

पाठवणार नाही.

१० फेब्रुवारी, गुरुवार

साबेराभाभींच्या ओसरीवर आहे. इथे बसू देतात. म्हणजे उठ म्हणत नाहीत.

त्यांनाही पत्र आलं आहे. हनीफभाईंनी मोठ्याने वाचलं. फळीवर बघा, ठाणांच्या मागे बघा, टेस्टर पडला असेल. इथे रोज लागतो. दुसऱ्याच्याने काम होत नाही. दिव्याचा काहीतरी घोळ आहे, भेटल्यावर सांगेन —

दिव्याचा घोळ.

तिचाही.

भाभींच्या मशीनचा प्लग. चपला काढून. ओल्या फरशीवर. आडोसा करून. दोन्ही होल.

नाही.

तीनदा. नाही.

टेस्टर हातातून सुटला. आवाज झाला. भाभींनी वाकून उचलला, टवका ओळखला, खूश झाल्या. सहज म्हणून प्लगमध्ये घातला, मी शिकवलं तसं, बोट टोपीवर. लागला. "चालू है," म्हणाल्या, "बिचारी कबसे ढूँढ रही."

पांढऱ्या कापडाचं पार्सल शिवायला घेतलं. रोजे तोंडावर आले आहेत, हनीफभाईंना पार्सल घेऊन मोठ्या पोस्टात जायला एक मार्च उजाडेल.

१२ फेब्रुवारी, शनिवार

पार्सलची एक बाजू मी उसवली. टेस्टर हाताला लागतो. पेन लागतं. ही वही. बाकी वस्तू —

विचार करते आहे. भावनेने नाही.

ती म्हणते तिच्या दिव्याचा घोळ आहे. तो दुसऱ्या टेस्टरचा दोष असू शकतो. किंवा तिच्यातही नाही आणि माझ्यातही. तसं असेल तर रजनी बेडसे नेमकी कुठे —

किंवा तिच्यात आहे. अंधुक, पण आहे. मग वाढतच जाणार. मी रोज घेतलेली वाचनं उलटी मांडली की तिची होतात. २९ तारखेला माझं किती होतं, म्हणजे तिचं किती नव्हतं. आज माझं शून्य.

ती उकाड्यात आंबे खाते. तिला आवडतं आहे. तिला मी निवडून आणलं, आबांशी भांडले, तिची बॅग तीन वेळा भरली.

पण गाडीत मी बसायचं होतं.

साहेब, एकच काम करा. तुमच्याकडे पॅनलच्या पेटीत पिवळ्या मुठीचा टेस्टर आहे, तो चांगला आहे, मी स्वतः तपासून ठेवला होता. तो बाईंच्या हातात द्या. सांगू नका का. उजवा होल, बोट टोपीवर, पाय उघडे. दिवा लागतो का, तेवढं बघा. त्यांच्या चेहऱ्याकडे बघू नका, दिव्याकडे बघा.

लागला तर तसं स्पष्ट कळवा. मी टेस्टर पार्सलात परत ठेवीन आणि भाभींची शिलाई उसवणार नाही.

नाही लागला तर त्यांना पेनांगलाच थांबवून ठेवा. पुढे मनिलाला नेऊ नका. मी कशीही येईन. मला अजून रस्ता पाठ आहे.

हे पत्र भाभींच्या टपालात सरकवते आहे, त्यांच्या साध्या पाकिटांबरोबर ते जवळच्या पेटीतून आजच जाईल.

उत्तर तारेने, सोमवार २८ फेब्रुवारीच्या आत पोचेल असं, कृपया पाठवावे.

पत्ता : रजनी अभिमन बेडसे, द्वारा —